शोरूममधून पहिली गाडी घेताय? पैसे कसे भरायचे आणि इन्शुरन्स कसा काढायचा, सगळं क्रमाने

शोरूममधून पहिली नवी गाडी घेतली तेव्हा मी सेल्सवाल्याने दाखवलेल्या एका कागदावरचा ऑन-रोड (टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून) आकडा बघितला, थोडी घासाघीस केली आणि सांगेल तिथे सह्या केल्या. नंतर एकेक गोष्ट कळत गेली, इन्शुरन्स महाग पडला होता, लोनमध्ये न मागितलेली एक पॉलिसी घातलेली होती, आणि जुन्या गाडीवर कमावलेला पन्नास टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) नवीन पॉलिसीत शून्य लिहिला होता. दुसरी गाडी घेताना सगळं वाचून, विचारून, क्रम ठरवून केलं. तोच क्रम इथे देतोय. हे भारतातल्या नव्या खाजगी गाडीसाठी आहे, आरटीओच्या टॅक्सचे आकडे महाराष्ट्राचे आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शोरूममध्ये गाडीची किंमत, लोन, इन्शुरन्स आणि जुन्या गाडीचा एक्स्चेंज हे चार वेगवेगळे व्यवहार असतात पण तुमच्यासमोर ते एकच आकडा म्हणून येतात, आणि एकात दिलेली सूट दुसऱ्यात वसूल होते. म्हणून चारही वेगळे ठेवायचे, चारही वेगवेगळे तपासायचे.

१. ऑन-रोड आकडा फोडून मागा

कोटेशन तोंडी किंवा व्हॉट्सअॅपवरच्या एका ओळीत घेऊ नका. डीलरच्या लेटरहेडवर प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा. त्यात साधारण हे असतं:

- एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रोड टॅक्स, रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्स सोडून गाडीची किंमत. यात जीएसटी आलेलाच असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना १८ टक्के आणि मोठ्यांना ४० टक्के असा दर आहे. छोटी म्हणजे लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलला १२०० सीसी, डिझेलला १५०० सीसीपर्यंत. इलेक्ट्रिकला ५ टक्के.
- रोड टॅक्स. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्याच्या वर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर २ टक्के जास्त. कंपनीच्या नावावर घेतली तर टॅक्स बराच जास्त बसतो, त्यामुळे नाव कुणाचं टाकायचं ते आधीच ठरवा.
- रजिस्ट्रेशन फी, लोन असेल तर बँकेचा बोजा चढवायची फी.
- इन्शुरन्स. हा सध्या नुसता आकडा म्हणून बघा, त्याच्याकडे आपण नंतर येणार आहोत.
- टीसीएस, म्हणजे डीलर तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरतो तो आयकर. गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का. हा खर्च नाहीये, तुमच्या पॅनवर जमा झालेला टॅक्स आहे, रिटर्न भरताना वळता करून घेता येतो किंवा परत मिळतो. बरेच लोक हे विसरतात आणि १५ लाखांच्या गाडीवर १५ हजार सोडून देतात.
- फास्टॅग, एक्स्टेंडेड वॉरंटी, अॅक्सेसरीज, 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक्स'.

शेवटच्या ओळीवर थांबा. गाडी शोरूमपर्यंत आणणं हे एक्स-शोरूम किमतीत धरलेलं असतं, म्हणून हँडलिंग चार्ज कशाचा ते लेखी विचारा आणि काढायला सांगा. मी फक्त "याची पावती वेगळी द्याल का, कशाबद्दल म्हणून लिहाल" एवढंच विचारलं आणि ती ओळ गेली. अॅक्सेसरीजचं पॅकेज, पेंट कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग हे सगळं ऐच्छिक आहे. "हे घेतलं तरच लवकर गाडी मिळेल" असं कोणी म्हणालं तर तेच वाक्य ईमेलवर पाठवायला सांगा, सहसा कोणी पाठवत नाही.

२. लोन घ्यायचं असेल तर शोरूमला जायच्या आधी बँकेत जा

शोरूममध्ये बसलेला फायनान्सवाला वाईटच असतो असं नाही, कधीकधी त्याच्याकडचा दर खरंच चांगला असतो. पण तुलना करायला तुमच्या हातात दुसरा आकडा पाहिजे, आणि तो तुमचं खातं असलेल्या बँकेकडून आधीच घेऊन ठेवता येतो.

सगळ्यात मोठा गोंधळ फ्लॅट रेट आणि रिड्युसिंग रेटचा. फ्लॅटमध्ये व्याज पूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लागतं, तुम्ही निम्मं कर्ज फेडलं असलं तरी. रिड्युसिंगमध्ये उरलेल्या रकमेवरच लागतं. ८ लाख, ५ वर्षं धरा. ९ टक्के रिड्युसिंगने हप्ता साधारण १६,६०७ रुपये येतो आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजारांच्या आसपास. तेच ९ टक्के फ्लॅट असेल तर हप्ता १९,३३३ आणि व्याज ३ लाख ६० हजार. आणि कोणी "फक्त साडेपाच टक्के" म्हणून खूश करत असेल तर तो फ्लॅट असू शकतो, ८ लाखांना ५ वर्षांसाठी ५.५ टक्के फ्लॅटचा हप्ता १७,००० येतो जो जवळपास १० टक्के रिड्युसिंगच्या हप्त्याएवढा आहे. म्हणजे दर ऐकून काही कळत नाही, हप्ता गुणिले महिने करून बघा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून रिटेल कर्जाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाला खरा खर्च किती टक्के पडतो ते तो सांगतो. दोन बँकांची तुलना त्याच आकड्यावर करा. सही करायच्या आधी हा कागद मागा आणि या चार गोष्टी सांभाळा:

कर्जाच्या रकमेत 'लोन प्रोटेक्ट' किंवा 'क्रेडिट लाइफ' नावाची पॉलिसी घुसवलीय का. ती गाडीचा इन्शुरन्स नव्हे, तुमच्या आयुष्याचा विमा आहे आणि लोन मिळण्यासाठी सक्तीचा नाही. माझ्या पहिल्या लोनमध्ये ती होती, मला वाटत होतं गाडीच्याच इन्शुरन्सचा भाग आहे, आणि तिच्या हप्त्यावरही मी पाच वर्षं व्याज भरलं.

दर फिक्स्ड आहे का फ्लोटिंग. फ्लोटिंग असेल तर वैयक्तिक कर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही. गाडीची बरीच कर्जं फिक्स्ड असतात आणि तिथे फोरक्लोजरचा चार्ज असतो, तो किती आणि कधीपासून ते बघा.

ऑटो डेबिटच्या मँडेटवर, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायच्या परवानगीवर, कमाल रक्कम किती लिहिलीय.

आणि कुठलाही फॉर्म कोरा सही करून देऊ नका. "आम्ही भरून घेतो साहेब" हे ऐकू येणारच, तरी तिथेच बसून भरून घ्या, अर्धा तास जाईल पण जाऊ दे.

अजून एक सापळा. बँकेने डीलरला पैसे सोडले की त्या दिवसापासून व्याज सुरू. गाडी अजून कारखान्यातून निघालेलीही नसते आणि तुमचा हप्ता सुरू झालेला असतो असं खूप जणांचं होतं. सँक्शन लेटर (कर्ज मंजुरीचं पत्र) घेऊन ठेवा पण डिस्बर्समेंट, म्हणजे पैसे सोडणं, गाडी नावावर अलॉट झाल्यावरच करा, हे बँकेला ईमेलने कळवून ठेवा.

३. टोकन देताना

बुकिंगची रक्कम शक्य तितकी कमी द्या, आणि डीलरच्या खात्यावरच द्या, सेल्सवाल्याच्या वैयक्तिक यूपीआयवर अजिबात नाही. पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग, अंदाजे तारीख, आणि बुकिंग रद्द केलं तर किती कापणार हे लिहून घ्या. दरवाढ झाली तर बुकिंगच्या दिवसाची किंमत लागणार का डिलिव्हरीच्या दिवसाची, हेही. बहुतेक फॉर्मवर बारीक अक्षरात डिलिव्हरीच्या दिवसाची लागेल असं असतं आणि नंतर त्यावर भांडता येत नाही.

४. आधी चेसिस नंबर, आधी गाडी बघा, मग बाकीचे पैसे

हा टप्पा मी पहिल्या वेळी पूर्ण सोडला होता, पैसे आधी भरले आणि गाडी थेट फुलं लावलेली बघितली.

गाडी आली की डीलर तुमच्या नावावर एक विशिष्ट गाडी लावतो, म्हणजेच अलॉटमेंट. त्या गाडीचा १७ अक्षरी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर मागून घ्या. मग यार्डमध्ये जाऊन ती गाडी दिवसाउजेडी बघा. चेसिस नंबर गाडीवरचा आणि कागदावरचा अक्षर न् अक्षर जुळवा. उत्पादनाचा महिना-वर्ष विचारा, तो फॉर्म २१ म्हणजे सेल सर्टिफिकेटवर लिहिलेला असतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२वा आठवडा, पाचही टायरचे बघा. किलोमीटर किती झालेत, काचांवर सगळीकडे एकाच काळाचे शिक्के आहेत का, दारांच्या फटी सारख्या आहेत का, एखाद्या पॅनलचा रंग वेगळा वाटतो का. इंजिन सुरू करून एसी, काचा, लाइट, सगळी बटणं.

हे पासिंगच्या (आरटीओतल्या रजिस्ट्रेशनच्या) आधीच करायचं. एकदा गाडी तुमच्या नावावर रजिस्टर झाली की ती बदलून मिळणं जवळपास अशक्य, मग फक्त दुरुस्तीवर बोळवण होते.

गाडी पसंत पडली की प्रोफॉर्मा इनव्हॉइस (पक्क्या बिलाआधीचं बिल) घ्या ज्यावर हाच चेसिस नंबर असेल. आता इन्शुरन्स आणि उरलेलं पेमेंट दोन्हीचं काम सुरू होतं.

५. उरलेले पैसे कसे पाठवायचे

रोख रकमेचं आधी. आयकर कायद्याप्रमाणे एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला १ एप्रिल २०१७ पासून बंदी आहे, आणि दोन दिवसांत तुकडे करून दिली तरी व्यवहार एकच धरला जातो. दंड घेणाऱ्याला होतो, पण तुमच्या पैशांचा माग राहत नाही हा तुमचा तोटा आहे. मी तर म्हणतो हजार रुपयेसुद्धा रोख देऊ नका.

आरटीजीएस किमान २ लाखांपासून चालतं, त्याखाली एनईएफटी. दोन्ही आता चोवीस तास असतात. यूपीआयला सहसा १ लाखाची मर्यादा येते म्हणून मोठ्या रकमेला ते उपयोगाचं नाही. अडचण इथे येते की नवीन बेनिफिशियरी जोडला की बऱ्याच बँका पहिल्या २४ तासांत मोठी रक्कम जाऊ देत नाहीत, आणि नेमकं मुहूर्ताच्या दिवशी सकाळी माणूस शोरूममध्ये बसून अॅपशी झगडत असतो. दोन दिवस आधी खातं जोडा. जोडताना खातेदाराचं नाव दाखवणारी सोय आरटीजीएस आणि एनईएफटीलाही आली आहे, नाव डीलरच्या कंपनीचंच येतंय का ते बघा. आधी छोटी रक्कम पाठवून अकाउंट्स विभागाकडून आल्याचं कळलं की मग मोठी.

खात्याचा नंबर व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोवरून घेऊ नका. इनव्हॉइसवर छापलेला घ्या आणि शोरूमच्या काउंटरवर जाऊन एकदा खात्री करा. "खातं बदललंय, या नवीन नंबरवर टाका" असा मेसेज आला तर कोणाचाही असो, प्रत्यक्ष विचारल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही.

प्रत्येक पेमेंटची पावती वेगळी घ्या. लोन असेल तर तुमच्या वाट्याच्या रकमेची पावती, जिला मार्जिन मनीची पावती म्हणतात, ती बँक मागतेच. शेवटी टॅक्स इनव्हॉइस येईल, त्यावरच्या एकूण रकमेशी सगळ्या पावत्यांची बेरीज जुळली पाहिजे. तोंडी कबूल केलेली सूट इनव्हॉइसवर दिसत नसेल तर तिथेच थांबा.

६. इन्शुरन्स

हा भाग मोठा आहे कारण चुका इथेच सगळ्यात जास्त होतात आणि त्या अपघात झाल्यावरच कळतात.

इन्शुरन्स असल्याशिवाय पासिंग होत नाही. आणि इन्शुरन्सला चेसिस-इंजिन नंबर लागतो, जो डीलरकडे असतो. म्हणून डीलर म्हणतो "आमच्याकडूनच घ्यावा लागतो". लागत नाही. डीलर हा फक्त विमा कंपनीचा सेवा पुरवठादार असतो, आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१७ मध्ये यासाठी नियमावली काढली आणि तिच्यात ग्राहकाला ठराविक कंपनीची पॉलिसी सक्तीने देता येत नाही असं आहे. चेसिस नंबर हातात आला की तुम्ही स्वतः ऑनलाइन किंवा एजंटकडून पॉलिसी काढून शोरूमला पाठवू शकता.

"बाहेरून घेतला तर आमच्या वर्कशॉपमध्ये कॅशलेस होणार नाही" हे दुसरं वाक्य. कॅशलेस म्हणजे दुरुस्तीचे पैसे विमा कंपनी थेट वर्कशॉपला देते. ते होणार की नाही हे त्या विमा कंपनीच्या नेटवर्क यादीत ते वर्कशॉप आहे का यावर ठरतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. यादी कंपनीच्या साइटवर असते, शोधून स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. मी सेल्स मॅनेजरला दोन बाहेरची कोटेशन दाखवली तेव्हा त्यांनी स्वतःचा आकडा जवळपास तिथपर्यंत खाली आणला, आणि मग मी त्यांच्याकडूनच घेतला. शोरूमकडून घेण्यात वाईट काही नाही, क्लेमच्या वेळी त्यांची मदतही होते. फक्त न बघता घेऊ नका.

*पॉलिसीत काय काय असतं*

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा, मोटार वाहन कायदा १९८८, कलम १४६. नसेल तर पहिल्यांदा २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, कैदही होऊ शकते. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला हा एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. याचे दर सरकार ठरवतं, सगळ्या कंपन्यांचे सारखेच. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात नवीन कारचे ३ वर्षांचे आकडे १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसी १०,६४० आणि त्यावर २४,५९६ असे आहेत, अधिक जीएसटी. तुम्ही घ्याल त्या दिवशीचं दरपत्रक एकदा बघून घ्या. इथे घासाघीस होत नाही, त्यामुळे कोणी थर्ड पार्टीवर सूट देतो म्हणाला तर संशय घ्या.

ओन डॅमेज, म्हणजे ओडी, हे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान आणि चोरी. सूट मिळते ती याच्यावर. नवीन गाडीला साधारणपणे १ वर्ष ओडी आणि ३ वर्षं थर्ड पार्टी अशी एकत्र पॉलिसी येते.

मालक-चालकाचा अपघात विमा, १५ लाखांचा. तुमच्याकडे आधीच १५ लाखांचा असा विमा असेल, समजा दुसऱ्या गाडीच्या पॉलिसीत, तर पुन्हा घ्यायची गरज नाही. डीलर बहुतेक वेळा न विचारता टाकतो.

*आयडीव्ही*

गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. नवीन गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरतात, १० लाखांच्या गाडीला साडेनऊ लाख. ऑनलाइन काही कोटेशन स्वस्त दिसतात कारण आयडीव्ही खाली ओढलेला असतो. दोन कोटेशन शेजारी ठेवताना आयडीव्ही आणि अॅड-ऑन (मूळ पॉलिसीवर घेतलेली जास्तीची कव्हर) सारखे आहेत का ते आधी बघा, मगच प्रीमियम.

*अॅड-ऑन, माझं मत*

झिरो डेप, ज्याला लोक बंपर-टू-बंपर म्हणतात, तो नवीन गाडीला घ्याच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापतात, अगदी नव्या गाडीलासुद्धा. आजच्या गाड्यांचा पुढचा निम्मा भाग प्लास्टिकचा आहे. १२,००० चा बंपर बदलला तर साध्या पॉलिसीत ६,००० धरतील, त्यातून सक्तीचे डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायचा वाटा, १,००० कापून ५,००० हातात. झिरो डेपमध्ये ११,००० मिळतील. डिडक्टिबल झिरो डेपमध्येही कापलंच जातं, १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,०००, त्यामुळे 'एक रुपया लागणार नाही' हे खोटं आहे. वर्षाला किती झिरो डेप क्लेम चालतील हे पण विचारा, बऱ्याच पॉलिसीत दोनच असतात.

इंजिन प्रोटेक्ट: पाणी साचणाऱ्या भागात राहत असाल तर नक्की. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारली की पाणी इंजिनात जातं आणि साधी पॉलिसी ते नुकसान देत नाही. हा अॅड-ऑन असला तरीसुद्धा स्टार्ट मारू नका, टो करून न्या.

रिटर्न टू इनव्हॉइस: पहिली दोन-तीन वर्षं, विशेषतः लोन मोठं असेल तर घ्या. गाडी चोरीला गेली तर आयडीव्ही मिळतो आणि लोनची शिल्लक त्याहून जास्त असू शकते, हा अॅड-ऑन आयडीव्ही आणि इनव्हॉइसची किंमत यांतला फरक भरून काढतो.

कन्झ्युमेबल्स (दुरुस्तीत लागणारं ऑइल, नट-बोल्ट वगैरे) स्वस्त असतो, घेतला तर बरा. किल्लीचा आणि सामानाचा मी घेत नाही. रोडसाइड असिस्टन्स गाडीच्या कंपनीकडून सुरुवातीची वर्षं बहुधा मिळतोच, दोनदा पैसे देऊ नका.

बाहेरून म्युझिक सिस्टिम किंवा असलं काही बसवणार असाल तर पॉलिसीत वेगळं दाखवा, त्याला किमतीच्या ४ टक्के प्रीमियम लागायची पद्धत आहे. न दाखवलेली वस्तू चोरीला गेली तर तिचे पैसे येत नाहीत.

*पॉलिसी हातात आली की दहा मिनिटं बसून हे तपासा*

नाव आरसीवर येणार तसंच आहे का. चेसिस आणि इंजिन नंबर. नंबर प्लेटच्या जागी त्या वेळी 'न्यू' असं असेल, ते ठीक आहे, पण नंबर मिळाल्यावर कळवून दुरुस्त करून घ्या. बँकेचं नाव हायपोथिकेशनमध्ये (कर्जाच्या बोजाच्या रकान्यात). आयडीव्ही. प्रत्येक अॅड-ऑनचं नाव आणि त्याच्यासमोर लावलेला प्रीमियम, कारण कोटेशनमध्ये सहा आणि पॉलिसीत चार असं होतं. आणि सुरू होण्याची तारीख व वेळ. प्रीमियम पोचल्याशिवाय विमा कंपनीवर जोखीम येत नाही हे विमा कायद्यातच आहे, म्हणून 'कव्हर चालू आहे, पॉलिसी उद्या येईल' यावर गाडी रस्त्यावर आणू नका.

माझ्या बहिणीच्या पॉलिसीत चेसिस नंबरमध्ये आठाच्या जागी बी पडला होता. दीड वर्षाने दार चेपलं तेव्हा सर्व्हेयरने (विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारा) तिथेच बोट ठेवलं. क्लेम शेवटी मिळाला, पण तोपर्यंत तीन आठवडे गाडी वर्कशॉपमध्ये उभी होती आणि ती रोज फोन करत होती.

७. जुनी गाडी देत असाल तर नो क्लेम बोनस सोडू नका

नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, गाडीचा नसतो, तुमचा असतो. क्लेम न घेतलेल्या सलग वर्षांप्रमाणे तो २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा वाढतो आणि फक्त ओडी प्रीमियमवर लागतो. ओडी २०,००० असेल आणि तुमचा ५० टक्के असेल तर सरळ १०,००० कमी.

कसा न्यायचा: जुनी गाडी विकल्याचा कागद आणि फॉर्म २९-३० (मालकी बदलायचे आरटीओचे फॉर्म) च्या प्रती जुन्या विमा कंपनीला द्या, त्यांच्याकडून एनसीबी रिटेन्शन लेटर (बोनस तुमच्याकडे राखल्याचं पत्र) घ्या. ते ३ वर्षं चालतं. नवीन पॉलिसी काढतानाच ते जोडा. अट एवढीच की नवीन गाडी त्याच माणसाच्या नावावर पाहिजे, नवऱ्याचा एनसीबी बायकोच्या नावावरच्या गाडीला लागत नाही. क्लेम घेतलेला असताना खोटा एनसीबी सांगू नका, कंपन्या एकमेकींकडून तपासतात आणि मग क्लेमच्या वेळी अडकवतात.

एक्स्चेंजमध्ये दुसरी काळजी याहून मोठी आहे. जुनी गाडी तुम्ही डीलरला दिली तरी आरसीवर तुमचं नाव असेपर्यंत अपघाताची जबाबदारी तुमच्याकडे येऊ शकते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये रजिस्टर्ड मालकालाच जबाबदार धरलेलं आहे. म्हणून गाडी ज्याच्या ताब्यात देताय तो अधिकृत डीलर आहे का विचारा. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांत अशा डीलरकडे गाडी ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मधून पोर्टलवर द्यावी लागते, तिची प्रत मागा. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, आणि नाव बदललं की नाही हे एमपरिवहन या सरकारी अॅपवर दर आठवड्याला बघत राहा.

८. पासिंग आणि डिलिव्हरी

पेमेंट आणि पॉलिसी झाली की डीलर सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर अर्ज करतो आणि रोड टॅक्स भरतो. रजिस्ट्रेशनशिवाय, तात्पुरतं का होईना, डीलरला गाडी ताब्यात द्यायची परवानगीच नाही. "घेऊन जा, नंबर चार दिवसांत येईल" ला हो म्हणू नका, नंबर आणि हाय सिक्युरिटी प्लेट लागल्यावरच चावी घ्या.

तुमच्याकडून लागणारे कागद:

- आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा (भाड्याच्या घरात असाल तर भाडेकरार), पासपोर्ट फोटो
- ड्रायव्हिंग लायसन्स
- आधारला जोडलेला मोबाइल, ओटीपीसाठी
- लोन असेल तर सॅलरी स्लिप, फॉर्म १६ किंवा रिटर्न, बँक स्टेटमेंट, सँक्शन लेटर
- एनसीबी लेटर आणि जुन्या गाडीचे कागद

डिलिव्हरीच्या वेळी तुम्ही घ्यायचे:

- टॅक्स इनव्हॉइस, सगळ्या पावत्या
- फॉर्म २१ आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचं कंपनीचं सर्टिफिकेट) च्या प्रती
- पॉलिसी (पूर्ण, फक्त पहिलं पान नाही)
- रोड टॅक्सची पावती, नंतर आरसी
- वॉरंटी बुक, दोन्ही चाव्या, फास्टॅग

रोड टॅक्सच्या पावतीवरचा आकडा कोटेशनमधल्या 'आरटीओ' या ओळीशी जुळवा. जास्त घेतलेले असतील तर परत मागा, मला ३,२०० परत मिळाले. पीयूसी नवीन गाडीला पहिलं वर्षभर लागत नाही. आरसी आणि पॉलिसी डिजिलॉकरमध्ये आणून ठेवा, पोलिसांना तिथलं दाखवलेलं चालतं.

९. वर्षभराने आणि लोन संपल्यावर

दुसऱ्या वर्षी फक्त ओडी रिन्यू करायचं असतं, थर्ड पार्टी तीन वर्षांचं आधीच भरलेलं आहे. फोनवरून रिन्यूअल विकणारे बऱ्याचदा पूर्ण पॅकेज गळ्यात मारतात. 'स्टँडअलोन ओडी' हा शब्द वापरा. संपायच्या तारखेचा अलार्म दोन आठवडे आधीचा लावा, पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की एनसीबी गेला, आणि त्याआधी उशीर झाला तरी गाडीची तपासणी मागे लागते.

क्लेमची वेळ आली तर गाडी हलवायच्या आधी फोटो, मग लगेच विमा कंपनीला कळवा, दुरुस्ती सर्व्हेयर बघून गेल्यावरच. कंपनीने दाद दिली नाही तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी, मग आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर, आणि तरीही नाही झालं तर विमा लोकपाल, ज्याची ऑफिसं मुंबई आणि पुण्यात आहेत. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही. डीलरबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

लोन संपलं की बँक एनओसी (काही बाकी नाही असं पत्र) आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ च्या दोन प्रती देते. त्या कपाटात ठेवू नका, लगेच आरटीओत देऊन आरसीवरचा बोजा उतरवून घ्या, आणि मग विमा कंपनीला सांगून पॉलिसीतूनही बँकेचं नाव काढा. नाव राहिलं तर टोटल लॉस (गाडी पूर्ण निकामी) झाल्यावर चेक बँकेच्या नावाने निघतो, आणि गाडी विकताना गिऱ्हाईक दारात उभं असताना जुनी एनओसी शोधत बसायची वेळ येते.